दिवाळीनंतर शेअर फोल्डर उघडेना, बरोबर पासवर्डही 'चुकीचा' म्हणतंय (विंडोज ११, २४एच२)

खातेवही | २४ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२.१०

नमस्कार. सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात मी काम करते. हिशेब, फायलिंग आणि कॉम्प्युटरचं जे काही निघेल ते माझ्याच टेबलावर येतं. आज भाऊबीज उरकून ऑफिस उघडलं आणि सकाळपासून सगळं काम ठप्प आहे.

आमच्याकडे पाच डेस्कटॉप आहेत, सगळे विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. गुढीपाडव्याला एकदमच घेतले. त्यातल्या एकाला आम्ही सर्व्हर म्हणतो, पण आहे तो साधाच डेस्कटॉप. टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फाइल्स त्याच्यावर असतात, आणि बाकीच्या चार मशीनवर ते फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून लावलेलं आहे. डोमेन वगैरे काही नाही, वर्कग्रुप आहे.

सप्टेंबरमध्ये कामाची गर्दी होती म्हणून मी सगळीकडे अपडेट थांबवून ठेवले होते. धनत्रयोदशीला निघताना सगळी मशीन 'अपडेट अँड शट डाउन' करून बंद केली. आज चालू केल्यावर चारही मशीनवर झेडवर लाल फुली. क्लिक केलं की युजरनेम-पासवर्डची चौकट येते. बरोबर पासवर्ड टाकला तरी 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे' म्हणून तीच चौकट पुन्हा येते. नावाने जा नाहीतर आयपीने जा, तेच.

करून पाहिलंय ते असं. राउटर आणि सगळी मशीन रीस्टार्ट केली. पिंग व्यवस्थित जातो. नेटवर्क प्रायव्हेटच आहे. सर्व्हरवरच्या त्या युजरचा पासवर्ड बदलून नवा टाकला. क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या जुन्या नोंदी काढून परत भरल्या. फरक शून्य.

आणि डोकं चक्रावणारी गोष्ट ही, की साहेबांचा जुना विंडोज १० चा लॅपटॉप त्याच युजरने, त्याच पासवर्डने सर्व्हरवर बिनबोभाट जातो. प्रिंटरवरून केलेलं स्कॅनही सर्व्हरच्या फोल्डरमध्ये येऊन पडतंय. टॅली चारही मशीनवर उघडतं, लायसन्स दाखवतं, फक्त कंपनी सापडत नाही.

टॅक्स ऑडिटची मुदत ३१ तारखेपर्यंत आहे. आर्टिकलची (सीए शिकणारी) मुलं सर्व्हरसमोर एकाच खुर्चीसाठी थांबलीत. कोणाला काही सुचत असेल तर कृपया सांगा.

---

पेठकर | २४ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

२४एच२ मध्ये शेअरिंगचा घोळ सगळीकडे आहे. कंट्रोल पॅनलमधून विंडोज फीचर्समध्ये जा, एसएमबी १ ला (फोल्डर शेअर करायचा जुना प्रोटोकॉल) टिक करा आणि मशीन रीस्टार्ट करा. फायरवॉल काही वेळ बंद ठेवून बघा. तरी नाही झालं तर ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये पासवर्ड प्रोटेक्शनच काढून टाका, म्हणजे पासवर्डची भानगडच राहणार नाही. आमच्या दुकानात असंच चालू आहे.

---

पॅचपॅनल | २४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

खातेवही ताई, पेठकरांनी मदतीच्याच भावनेने लिहिलंय, पण त्यातलं काहीही कृपया करू नका. तुमच्या त्या मशीनवर शेकडो लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट आणि हिशेब आहेत. एसएमबी १ हा तोच जुना प्रोटोकॉल आहे ज्याच्या भगदाडातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १० च्या १७०९ पासून एसएमबी १ आपोआप बसवणंच बंद झालं. शिवाय तुमचा त्रास त्याने सुटणारही नाही. २४एच२ ची दोन मशीन एकमेकांशी एसएमबी ३ ने बोलतात, एसएमबी १ ला तिथे कामच नाही.

मी नाशिकला लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. अपडेटनंतर शेअर बंद पडलं की मी आधी पडद्यावरचा मेसेज शब्दन् शब्द वाचायला लावतो. 'शेअर उघडत नाही' ही तक्रार एकच असते, आजार मात्र चार-पाच वेगवेगळे असतात आणि मेसेजमध्ये ते बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं.

'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस बंद आहे' असा आला तर तो गेस्टचा मामला. २४एच२ पासून प्रो आवृत्तीतही विनापासवर्ड गेस्ट म्हणून दुसरीकडे शिरणं बंद केलंय. 'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इनव्हॅलिड' असा आला तर समोरचं यंत्र, बहुधा जुना नॅस (नेटवर्कवर फाइल्स साठवायचा डिस्कचा डबा), पाठवलेल्या डेटाच्या पॅकेटवर डिजिटल सही करत नाही. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत आता येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही जोडण्यांना सही सक्तीची आहे. शून्य-एक्स-८००७००३५, म्हणजे 'नेटवर्क पाथ सापडला नाही', असेल तर पासवर्डपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. तिथे नाव, आयपी, पब्लिक-प्रायव्हेट प्रोफाइल, फायरवॉल आणि ४४५ पोर्ट बघायचं.

तुमचा यातला एकही नाही. तुमची जोडणी समोरच्या मशीनपर्यंत जाते, दार वाजवते आणि ओळख पटत नाही म्हणून परत येते. अशा वेळी नेहमीचं कारण पिन असतं. लोक विंडोजचा चार आकडी पिन टाकतात, आणि पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. दुसरं म्हणजे युजरनेमच्या आधी सर्व्हरचं नाव आणि उलटी तिरपी रेघ दिली नाही, तर कधीकधी विंडोज स्वतःच्याच मशीनचं नाव जोडून पाठवतं. हे दोन्ही एकदा तपासून घ्या. पण विंडोज १० चा लॅपटॉप आणि प्रिंटर त्याच पासवर्डने जाताहेत, म्हणजे सर्व्हरचं शेअर ठीक, युजर ठीक, परवानग्या ठीक. अडतंय ते फक्त त्या चार मशीनचं.

म्हणून माझा संशय वेगळाच आहे. तीन गोष्टी सांगा.

एक, पाचही मशीन एकाच माणसाने एकाच दिवशी बसवून दिली का, आणि उघडल्यावर ती हुबेहूब एकसारखी होती का?

दोन, सर्व्हरवर आणि निदान एका मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे सोर्स 'एलएसए-एसआरव्ही' आणि इव्हेंट आयडी ६१६७ दिसतोय का?

तीन, प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हू-ॲम-आय', मग एक जागा सोडून 'स्लॅश युजर' ही कमांड द्या (इंग्रजीत, 'हू', 'ॲम', 'आय' तिन्ही सलग). एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा येईल. शेवटच्या डॅशनंतरचं १००१ वगैरे सोडून द्या. त्याच्या आधीचे तीन मोठे गट पाचही मशीनवर ताडून बघा.

---

खातेवही | २४ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

पिन नाही, पासवर्डच टाकतोय. सर्व्हरचं नाव लावूनही बघितलं, तेच.

मशीनचं म्हणाल तर हो, पाचही एकाच दिवशी मिळाली. दुपारी खोकी आली आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळी तयार होती. डेस्कटॉपवरचे आयकॉन त्याच क्रमाने, मराठी फॉन्ट सगळ्यांत आधीच टाकलेले, आणि डाउनलोड्समध्ये प्रिंटर ड्रायव्हरची तीच एक फाइल पाचही ठिकाणी. आम्हाला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

कमांड दिली. एकेका मुलाला एकेका मशीनवर बसवलं आणि मी सर्व्हरवरून आकडे वाचत गेले. पहिला गट वाचला, चौघंही 'हो' म्हणाले. दुसरा गट, परत चौघंही. तिसरा ४४०७ ने संपतो, तोही सगळ्यांचा तोच. साहेबांच्या लॅपटॉपवर मात्र पूर्ण वेगळा आकडा आला.

सर्व्हरच्या लॉगमध्ये ६१६७ आहे, आजच्या तारखेचे कितीतरी. 'मशीन आयडी अंशतः जुळत नाही, तिकिटात फेरफार झालाय किंवा ते दुसऱ्या बूट सेशनचं आहे' असं काहीसं लिहिलंय. हे व्हायरस आहे का? अपडेट काढून टाकू का?

---

पॅचपॅनल | २४ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

व्हायरस नाही, घाबरू नका. सापडलं.

विंडोज बसवताना प्रत्येक मशीनला स्वतःचा एक सुरक्षा क्रमांक मिळतो. त्याला एसआयडी म्हणतात. तुमची मशीन लावताना एक तयार केलं आणि त्याच्या डिस्कची नक्कल बाकीच्या चारांवर उतरवली. नुसती नक्कल केली की हा क्रमांकही तसाच्या तसा जातो. तुमच्या भाषेत सांगायचं तर पाच असेसींना एकच पॅन मिळालाय. नक्कल करण्याआधी सिसप्रेप नावाचं विंडोजचंच टूल 'जनरलाइझ' ला टिक करून चालवायचं असतं. त्याने हा क्रमांक पुसला जातो आणि प्रत्येक नकलेला पहिल्यांदा चालू होताना नवा मिळतो. तुमच्याकडे ती पायरी राहिली.

इतके महिने चाललं आणि आताच का अडलं, तर २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या विंडोज अपडेटमध्ये हा क्रमांक तपासण्याची जादा सुरक्षा आली आहे. दोन मशीनचा एसआयडी एकच निघाला की त्यांच्यातली ओळखपरेड, मग ती एनटीएलएम पद्धतीची असो की कर्बेरॉस पद्धतीची, मुद्दाम रोखली जाते. विंडोज ११ ची २४एच२ आणि २५एच२, आणि विंडोज सर्व्हर २०२५, या तिघांना हे लागू आहे. मायक्रोसॉफ्टने या महिन्यात तसा खुलासाही केलाय. तुम्ही सप्टेंबरमध्ये अपडेट थांबवले होते म्हणून तुम्हाला ते आता भेटलं. लॅपटॉपचा क्रमांक वेगळा आहे आणि प्रिंटर विंडोज नाही, म्हणून ते दोघं सुटले. रिमोट डेस्कटॉपही या पाचांत आपसात चालणार नाही, तो प्रयत्न करू नका.

ज्याने मशीन लावली त्याच्यावर लगेच भडकू नका, असं मी मनापासून सांगतो. आमच्या धंद्यात 'डुप्लिकेट एसआयडीने काही बिघडत नाही' ही समजूत आकाशातून पडलेली नाही. मार्क रसिनोविच या विंडोजच्या सर्वात जाणत्या माणसांपैकी एकाने नोव्हेंबर २००९ मध्ये नेमकं हेच लिहिलं आणि एसआयडी बदलणारं स्वतःचं न्यूसिड हे टूलही तेव्हाच बंद केलं. सिसप्रेप चालवा असं मायक्रोसॉफ्ट सांगतच राहिलं, पण न चालवून काही अडत नव्हतं, म्हणून पुष्कळांनी सोडून दिलं. त्याला बोलवा, हा ६१६७ दाखवा आणि काम नीट करून मागा.

आता उपाय. कायमचा उपाय एकच, वेगळ्या क्रमांकाचं विंडोज. पण पाचही मशीन फॉरमॅट करायची गरज नाही. सर्व्हरला हातच लावू नका, त्याचा क्रमांक त्याच्याकडे राहू द्या. बाकीच्या चारांवर यूएसबीवरून विंडोज ताजं बसवा, प्रत्येकाला नवा क्रमांक मिळेल आणि टक्कर संपेल. वापरात असलेल्या मशीनवर आता सिसप्रेप चालवायला सांगणारे भेटतील. ते नकोच, स्टोअरच्या ॲप्सवर अडतं आणि अर्धवट राहिलं की मशीन कुठलंच राहत नाही. इंटरनेटवरची 'एसआयडी चेंजर' टूल्सही नकोत.

अपडेट काढलं तर आज चालेलही, पण चार दिवसांनी ते परत येईल आणि तोवर तुमची मशीन सुरक्षा दुरुस्त्यांविना राहतील. मुदतीच्या आठवड्यात ते दुसऱ्यांदा अंगावर घेऊ नका.

मुलं बसून आहेत, तर आजच्यापुरता मार्ग असा. साहेबांच्या लॅपटॉपचा क्रमांक वेगळा आहे, म्हणजे चारही मशीन त्याच्यावर जाऊ शकतील. टॅलीचा डेटा लॅपटॉपवर कॉपी करा, तिथे पासवर्ड असलेला एक युजर करून फोल्डर शेअर करा आणि झेड तिकडे वळवा. लॅपटॉप वायफायवर नको, केबल लावा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपलाय, म्हणून हे चार दिवसांचंच. आणि एक गोष्ट अगदी न विसरता: कॉपी झाल्याबरोबर सर्व्हरवरच्या मूळ फोल्डरचं नाव बदला. नाहीतर कोणीतरी सवयीने सर्व्हरवर बसून तिथे एंट्र्या मारेल, दोन ठिकाणी दोन हिशेब तयार होतील, आणि ते जुळवणं हे फॉरमॅटपेक्षा मोठं काम आहे.

फॉरमॅटपूर्वी प्रत्येक मशीनवर बघा: आयकर विभागाच्या ऑफलाइन युटिलिटीत अर्धवट भरलेले फॉर्म, आउटलुकची पीएसटी (मेलची फाइल), डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड. डीएससी (डिजिटल सही) टोकनचे ड्रायव्हर परत टाकावे लागतील, ते आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. टॅलीचं लायसन्स या चारांपैकी कुठल्या मशीनवर चालू केलेलं असेल तर आधी सरेंडर करा. आणि चारही मशीन एकदम काढू नका, एक पूर्ण करून झेड लागलेला बघा, मगच दुसरं.

---

छापखाना_मडगाव | २५ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

पॅचपॅनल सर, धागा वाचत होतो. आमच्या छापखान्यात वरचा पहिला मेसेज येतो, गेस्टवाला. जुना नॅस आहे, त्यावर सगळ्या डिझाइन फाइल्स. इतकी वर्षं पासवर्ड न विचारता उघडायचा. नवीन मशीन घेतलं, २४एच२ प्रो, आणि त्यावरून नाही म्हणतो. ग्रुप पॉलिसीत 'एनेबल इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन्स' चालू केलं, तरी नाही. का?

---

पॅचपॅनल | २५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

कारण दुसरं कुलूपही तिथेच आहे. सही करायची किल्ली पासवर्डाच्या ओळखपरेडीतून तयार होते. गेस्टला पासवर्ड नाही, म्हणजे किल्ली नाही, म्हणजे सही नाही. २४एच२ ला सही हवीच आहे. म्हणून गेस्ट उघडला तरी जोडणी तुटते. लोक मग सहीची सक्तीही काढतात, आणि मशीन दोन्ही बाजूंनी उघडं पडतं.

नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन एक युजर करा, पासवर्ड द्या, फोल्डरची परवानगी त्याला द्या आणि गेस्ट बंद करा. मग विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, विंडोज क्रेडेन्शियल्सखाली, नॅसचं नाव आणि तो युजर एकदाच भरा. पुन्हा विचारणार नाही, कारागिरांना पूर्वीसारखंच वाटेल. नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करा आणि एसएमबीची किमान पातळी २ ठेवा. नॅसला एसएमबी १ शिवाय काही येतच नसेल, तर त्यावरच्या फाइल्स आधी दुसरीकडे उतरवा. इतक्या जुन्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवणं हाच मोठा धोका आहे, शेअर उघडण्याचं नंतर बघू.

---

खातेवही | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.४०

उशिरा लिहितेय, क्षमस्व, पण काम झालंय.

शुक्रवारी संध्याकाळीच लॅपटॉपवर डेटा नेला, केबल लावली, आणि चारही मशीनवर कंपन्या उघडल्या. साहेब लॅपटॉप ऑफिसातच ठेवून घरी गेले. सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव बदलल्याचा उपयोग लगेच झाला. शनिवारी एक मुलगा सवयीने तिथे बसला, त्याला कंपनी सापडली नाही, तो विचारायला आला.

ज्यांनी मशीन लावली होती ते स्वतः आले. लॉग दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दोन ऑफिसांतूनही असेच फोन आलेत म्हणाले. आधी माझं मशीन केलं. ताजं विंडोज टाकून सर्व अपडेट झाल्यावर झेड लावला, पासवर्ड टाकला आणि पहिल्याच खेपेला उघडला. मग बाकीची तीन. चौघांचे आकडे आता वेगवेगळे आहेत, मी कागदावर लिहून सर्व्हरच्या बाजूला चिकटवलेत. ६१६७ ची नवी नोंद नाही.

दोन ठिकाणी थोडं अडलं. नव्या विंडोजने नेटवर्क पब्लिक धरलं होतं, त्यामुळे सर्व्हर दिसेना. प्रायव्हेट केल्यावर दिसला. आणि एका मशीनवर रिकव्हरीच्या निळ्या पडद्यात माउस-कीबोर्ड दोन्ही मेले. तिथून पुढे कसं जायचं कळेना, शेवटी बंद करून पेन ड्राइव्हवरून सुरू केलं. हे कशामुळे? मशीन खराब तर नाही ना?

मुदत आजच १० नोव्हेंबरपर्यंत वाढली आहे. पॅचपॅनल दादा, तुमचे फार फार आभार. साहेबांनी नाव विचारलं, मी म्हटलं नाशिकचे एक आहेत.

---

पॅचपॅनल | २९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

वा, छान झालं. मशीन खराब नाही. १४ ऑक्टोबरच्या अपडेटनंतर रिकव्हरीच्या पडद्यात यूएसबी माउस-कीबोर्ड चालत नव्हते. २० तारखेला त्याची वेगळी दुरुस्ती आली आहे. सर्व्हरवर ती बसली आहे का ते अपडेट हिस्टरीत बघून घ्या, कारण उद्या सर्व्हरच रिकव्हरीत गेला तर तिथे कीबोर्ड लागेल.

आणि चारही मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर रिकव्हरी की चारही मशीनची वेगवेगळी असते, ती छापून साहेबांच्या कपाटात ठेवा, सर्व्हरच्या बाजूला चिकटवू नका.

लॅपटॉपवरचा टॅलीचा डेटा परत सर्व्हरवर आणलात ना? आणला असेल तर लॅपटॉपवरच्या फोल्डरचंही नाव बदला आणि शेअर काढून टाका.

---

खातेवही | २९ ऑक्टोबर, रात्री ९.२५

आणला, काल रात्रीच, आणि दोन-तीन कंपन्यांची ट्रायल बॅलन्स ताडून बघितली. शेअर काढायचं राहिलंय, उद्या सकाळी आल्याबरोबर करते.